सोमवार उजाडला की बॅटरी बसते. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, मग वीज जाते कुठे?

निवांत_चालक:
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, नऊ वर्षं जुनी. शुक्रवारी संध्याकाळी सातला लावतो आणि सोमवारी सकाळी सातला चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात, सेल्फ उचलतच नाही. आठवडाभर रोज चालवतो तेव्हा काही तक्रार नसते, फक्त सेल्फ जरा आळसावल्यासारखा फिरतो.

चार महिन्यांपूर्वी असंच झालं तेव्हा "हिचं आयुष्य संपलं" असं ऐकून नवी बॅटरी टाकली, ४५ अँपिअर-अवर क्षमतेची. दोन महिने बरे गेले, आता पुन्हा तेच रडगाणं. वॉरंटीत नेली, तर त्यांनी रात्रभर चार्ज करून "बॅटरी ठणठणीत आहे" म्हणून परत हातात दिली. गॅरेजमध्ये मीटर लावला, चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा अल्टरनेटर १४.१ व्होल्ट देतोय म्हणे, एकदम उत्तम.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो गाडी विक, दुसरा म्हणतो तू दिवे चालू ठेवतोस. दिवे मी चालू ठेवत नाही, हे शपथेवर लिहून देतो.

सेल्फमारू:
तुमच्या गाडीलाही सोमवारी कामावर जायचा कंटाळा येतो. माणसात आलीय ती.

फुकटसल्ला:
तुमच्या फेऱ्या लहान असणार. एकदा सेल्फ मारला की बॅटरी निम्मी रिकामी होते आणि ती भरून यायला तासभर हायवेला पळवावी लागते. रविवारी एक लांब चक्कर मारा, प्रश्न मिटेल.

घुबड:
अल्टरनेटरचा डायोड बघा.

फुकटसल्ला:
@घुबड, अल्टरनेटर १४.१ देतोय असं वर स्पष्ट लिहिलंय की हो. आधी धागा वाचा, मग प्रतिसाद द्या.

शून्यओहम:
फुकटसल्ला, सेल्फने निम्मी बॅटरी रिकामी होते हे पटलं नाही. हिशोब मांडू. सेल्फ समजा २०० अँपिअर खेचतो आणि इंजिन दोन सेकंदांत उठतं. २०० गुणिले २ म्हणजे ४०० अँपिअर-सेकंद, भागिले ३६००, म्हणजे साधारण ०.११ अँपिअर-अवर. ४५च्या टाकीतून एवढंच गेलं. चूळ भरायला लागतं तेवढं पाणी.

आता मूळ प्रश्न. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे ६० तास. बॅटरी अगदी काठोकाठ नसते असं धरलं, तरी सेल्फ न उचलण्याइतकी उतरायला त्यातून ३० अँपिअर-अवर तरी गेले पाहिजेत. ३० भागिले ६०, म्हणजे गाडी बंद असताना कुठून तरी अर्धा अँपिअर गळतोय. पाच वॅटचा एक दिवा रात्रंदिवस जळत राहिला तर ०.४ अँपिअर जातो, म्हणजे चोर साधारण त्याच मापाचा असावा. बंद गाडीने ०.०२ ते ०.०५ अँपिअर खाल्लं तर ठीक, घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर एवढ्यावर भागतं. अर्धा अँपिअर म्हणजे सरळ गळती.

मल्टिमीटर आहे का तुमच्याकडे?

पाना_नंबर_दहा:
ताईंचा हिशोब बरोबर आहे, पण फुकटसल्लांचंही अगदीच चूक नाही. सेल्फने गेलेलं लगेच भरतं. अर्धी उतरलेली बॅटरी मात्र वीज सावकाश पिते. पहिलं ७०-८० टक्के भराभर जातं आणि शेवटचं टोक गाठायला तास न् तास लागतात. रोजच्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांत ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धपोटी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं, कडक होतं, आणि मग ४५ची बॅटरी नावालाच ४५ची उरते.

धागाकर्त्यांना एक विचारतो. नवी बॅटरी टाकायच्या आधी कोणी व्होल्टेज तरी मोजलं होतं का? तीस वर्षं या धंद्यात काढली. परत आलेल्या बॅटऱ्यांतली बॅटरी क्वचितच दोषी निघायची. लोकांना तापलेलं पोर दिसतं, पण ज्या पाण्याने ताप आला ते पाणी कोणी तपासत नाही.

निवांत_चालक:
काका, नाही. मोजलं नव्हतं. "चार वर्षं झाली ना, मग गेलीच" इतकंच बोलणं झालं आणि मी पैसे काढले. मल्टिमीटर आहे, मुलाच्या शाळेच्या प्रयोगासाठी घेतलेला, पिवळा, सगळ्यात स्वस्तातला. चालेल?

पाना_नंबर_दहा:
चालेल. आधी साधं काम करा. गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी काहीही चालू न करता, रिमोटचं बटणसुद्धा न दाबता, बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर धरा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ ला आली म्हणजे तळाला गेली. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, तेव्हा वरवरचा चार्ज असतो आणि आकडा उगाच गोड दिसतो.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, मीटर तिथेच धरून. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही किंवा ती रिकामी आहे. भरलेली असून खाली गेला तरच बॅटरीला दोष द्यायचा.

नवशिकी:
माझा अगदीच बाळबोध प्रश्न आहे. खुंटीवर पांढरं-हिरवं पीठ जमलंय, त्यानेही बॅटरी उतरते का?

पाना_नंबर_दहा:
@नवशिकी, उतरत नाही, पण पोचत नाही. म्हणजे अल्टरनेटरने दिलेलं आत जात नाही आणि आतलं सेल्फपर्यंत येत नाही, लक्षणं मात्र सारखीच दिसतात. आधी मायनस काढा, मग प्लस. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओता, फसफसेल, तारेच्या ब्रशने घासा, स्वच्छ पुसा. जोडताना आधी प्लस, मग मायनस. वरून व्हॅसलिनचा हात. मायनस आधी का काढायचा? पाना प्लसवर असताना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असेल, तर पाना वेल्डिंग होतो. माझ्या एका पान्यावर अजून तो दात पडलेला आहे.

धक्कास्टार्ट:
आमच्या काळी हे प्रश्नच नव्हते. दुसरा गिअर, क्लच दाबून चार पोरं मागे, धर्रर्र, चालू!

शून्यओहम:
@धक्कास्टार्ट, बॅटरी थोडी तरी जिवंत असेल तर अजूनही होतं. पण आताच्या गाडीत पेट्रोल पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, इंजिनचा संगणक विजेवर. बॅटरी पार गेली असेल तर चार काय चाळीस पोरं लावा. ऑटोमॅटिक गिअरला तर हा मार्ग नाहीच.

अवांतरप्रेमी:
अवांतर: त्याही आधी हँडल होतं. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला, तेव्हा लोकांची मनगटं सुटली. शिसं-आम्लाची बॅटरी त्याच्याही कितीतरी आधीची, गॅस्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केलेली. शिशाच्या पत्र्यांची गुंडाळी आणि आम्ल. मूळ रसायन तेच, आजही आपण त्याच्याच नावाने बोटं मोडतोय.

सेल्फमारू:
प्लाँते यांच्या गाडीची बॅटरी कधी बसली नसेल. गाडीच नव्हती.

निवांत_चालक:
मोजलं. रविवारी सकाळी, म्हणजे गाडी लावून ३६ तास झाल्यावर, १२.०५. सेल्फ मारताना ८.९, कसाबसा उठला. चालू झाल्यावर १४.१.

मग चार्जर आणून पूर्ण भरली. चार्जर काढल्यावर चार तासांनी १२.६८. सेल्फ मारताना १०.४. काका, म्हणजे बॅटरी निर्दोष?

पाना_नंबर_दहा:
निर्दोष. चार महिने तिच्यावर अन्याय झाला. आता चोर शोधा. ताई, पुढचं तुम्ही सांगा, माझं बोट टायपून दुखतं.

शून्यओहम:
ठीक. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात, खटका १० अँपिअर डीसीवर. बोनेट उघडं ठेवा, चालकाचं दार उघडं ठेवा, पण दाराच्या कुलपाचा आकडा स्क्रूड्रायव्हरने दाबून "बंद" करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. नाहीतर आतला दिवा आणि सगळे संगणक जागेच राहतात आणि तुम्ही भलताच आकडा मोजता. चावी खिशात घेऊन बॅटरीशेजारी उभे राहू नका, ती घरात ठेवा. बिनचावीच्या गाड्यांना मालक जवळ आला की झोप लागत नाही.

मायनसची तार ढिली करा. तार खुंटीवरून उचलायच्या आधीच मीटरचं एक टोक खुंटीला आणि दुसरं तारेच्या कड्याला लावा, मग कडं उचला. वीज मीटरमधून जाऊ लागेल आणि मध्ये खंड पडणार नाही. आता पाऊण तास हात लावू नका. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील, घाबरू नका, गाडी हळूहळू झोपते. शेवटी जो आकडा स्थिरावेल तो खरा.

आणि कृपा करून मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारू नका.

निवांत_चालक:
ताई, शेवटची ओळ मी सेल्फ मारल्यावर वाचली.

सेल्फमारू:
माझ्या नावाचा गैरवापर थांबवा.

निवांत_चालक:
मीटरचा फ्यूज बदलून पुन्हा बसलो. दार स्क्रूड्रायव्हरने बंद, चावी स्वयंपाकघरात. सुरुवातीला २.३. दहा मिनिटांनी १.१. पंचविसाव्या मिनिटाला एकदम ०.६२ वर आला आणि तिथेच चिकटला. दीड तास बघितला. ०.६२.

शून्यओहम:
६० तास गुणिले ०.६२ म्हणजे ३७ अँपिअर-अवर. तुमचा सोमवार सापडला.

आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल त्या वाटेवर चोर. खरं तर फ्यूज काढता-लावता काही संगणक पुन्हा जागे होतात, म्हणून मी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजते. वीज वाहत असेल तर तिथे बारीकसा फरक दिसतो, नसेल तर शून्य. पण त्याला बरा मीटर हवा, पिवळ्याला जमेल असं वाटत नाही.

कोरा_कागद:
डॅशकॅम आहे का? माझ्याकडे हेच झालं होतं. बसवणाऱ्याने पार्किंग मोडसाठी कायम चालू वायरला जोडला होता. आठ दिवस गावाला गेलो, परत आल्यावर गाडीची समाधी. कॅमेऱ्याने मात्र रिकाम्या पार्किंगचं चित्रण अगदी निष्ठेने केलं होतं.

तिरपी_डिकी:
डिकीतला दिवाही बघा. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही हे कसं कळणार, असं विचारणाऱ्यांसाठी: मोबाईलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, मिनिटाने काढा. मोबाईल आत आणि चावीही आत असं मात्र करू नका. का ते विचारू नका.

निवांत_चालक:
डॅशकॅम नाही. डिकीचा व्हिडिओ काढला, काळाकुट्ट अंधार, म्हणजे दिवा विझतो. बाहेरून बसवलेलं काहीच नाही, गाडी जशी आली तशी आहे.

फ्यूजचं सांगतो. डॅशखालचे सगळे काढले. रेडिओ आणि घड्याळाच्या फ्यूजला ०.६२ चा ०.६० झाला, बाकी कशानेही हलला नाही. बोनेटखालच्या पेटीतलेही छोटे फ्यूज आणि रिले काढून रांगेत मांडले. तरी ०.५९. गाडीत आता काहीच जोडलेलं नाही आणि तरी वीज जातेय. भुताटकी आहे का?

फुकटसल्ला:
मीटर खोटा दाखवत असेल. पिवळा आहे ना.

पाना_नंबर_दहा:
मीटर खोटा असता तर सोमवारी गाडी चालू झाली असती. थांबा, आता मजा आहे. सगळे फ्यूज काढले तरी कोणत्या दोन वाटा उरतात? बॅटरीवरून जाड तारा कुठे कुठे जातात ते बघा. एक सेल्फकडे, दुसरी अल्टरनेटरकडे. अल्टरनेटरच्या वाटेत तुमच्याकडे बहुधा बोल्टने आवळलेली जाड पट्टी आहे, ती तुम्ही काढलेल्या रांगेत नाही.

आता आठवा, दुसऱ्या का तिसऱ्या प्रतिसादात एक ओळ कोणी लिहिली होती.

घुबड:
🦉

शून्यओहम:
अरेच्चा. हो. मीही ती ओळ ओलांडून पुढे गेले, त्यामुळे फुकटसल्लांना एकट्याला बोलायचा मला हक्क नाही.

अल्टरनेटर आत एसी (सतत दिशा बदलणारी वीज) तयार करतो आणि डायोड त्याची डीसी (एकाच दिशेची) करतात. बहुतेकांत तीन फेजसाठी सहा डायोड. त्यांचं दुसरं काम दारवानाचं, वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची पण परत येऊ द्यायची नाही. इंजिन बंद झालं की बॅटरी आणि अल्टरनेटरच्या गुंडाळ्या यांच्यामध्ये फक्त हे डायोड उभे असतात. ते उलट्या दिशेनेही थोडं सोडायला लागले की बॅटरी रात्रभर गुंडाळ्यांतून झिरपत राहते. आणि इंजिन चालू असताना मोजलं तर उरलेले डायोड मिळून १४.१ आरामात दाखवतात. गॅरेजवाल्याने मोजलेलं खोटं नव्हतं, फक्त ती चाचणी या आजाराची नव्हती.

अजून एक तपासणी: इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर तरंग दिसला तर डायोडवर संशय पक्का.

निवांत_चालक:
एसीवर २८ दाखवतोय!! गाडी जळणार का?

शून्यओहम:
नाही हो. स्वस्त मीटर एसीवर असताना डीसी गाळून टाकत नाही, दुपटीच्या आसपास काहीतरी दाखवतो. तारा उलट करा, शून्य दाखवेल. ही चाचणी तुमच्या मीटरवर सोडून द्या.

पाना_नंबर_दहा:
मीटर नको, हात लावा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी उठल्या उठल्या अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला तळहात टेकवा आणि मग शेजारी इंजिनच्या लोखंडाला. दोन्ही सारखेच गार असायला हवेत. गळका डायोड रात्रभर तापत असतो.

निवांत_चालक:
सकाळी सहाला बोनेट उघडलं. इंजिन गारेगार, बोटांना चटका बसावा इतकं. अल्टरनेटरची पाठ कोमट. मांजर नुकतंच उठून गेलेल्या गादीसारखी. दोनदा हात लावून बघितला, मग बायकोला उठवून तिचाही हात लावून घेतला. (आता तिसरा तट पडलाय: याचं डोकं फिरलं.)

मग मायनस काढून अल्टरनेटरमागची जाड तार सोडली, तिच्या तोंडाला चिंधी गुंडाळली म्हणजे कुठे टेकायला नको, मायनसला पुन्हा मीटर जोडला. सगळे फ्यूज जागेवर, गाडी झोपल्यावर आकडा: ०.०३.

कोरा_कागद:
अंगावर काटा आला. ०.६२ वरून ०.०३!

फुकटसल्ला:
घुबडराव, जाहीर माफी. धागा न वाचता प्रतिसाद मीच दिला होता.

घुबड:
चालतंय. माझीपण अशीच गेली होती, दोन बॅटऱ्या बदलल्यावर कळलं.

सेल्फमारू:
@घुबड, हे दोन बॅटऱ्यांचं वाक्य तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर पिवळ्या मीटरचा फ्यूज वाचला असता.

इंजिनबंद:
ज्यांच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं त्यांच्यासाठी थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो. त्यात साधी बॅटरी टाकू नका, तिची वेगळी जात असते, एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली) किंवा ईएफबी (साध्या बॅटरीची दणकट आवृत्ती). मायनसच्या खुंटीवर एक छोटा सेन्सर बसलेला असतो, म्हणून चार्जरचा मायनस खुंटीला न लावता बॉडीच्या नेमलेल्या बोल्टला लावायचा, नाहीतर भरलेली वीज त्या सेन्सरच्या हिशोबात धरली जात नाही. काही गाड्यांना नवी बॅटरी टाकल्यावर संगणकाला तसं कळवावंही लागतं. शिवाय अशा गाडीत इंजिन चालू असताना व्होल्टेज कधी साडेबारा, कधी पंधराच्या आसपास दिसतं. ते मुद्दाम केलेलं असतं, लगेच अल्टरनेटर काढायला धावू नका.

नवशिकी:
अजून एक विचारू? मला परवा शेजाऱ्यांनी केबल लावून गाडी चालू करून दिली. त्यांनी शेवटची काळी तार माझ्या बॅटरीला न लावता इंजिनच्या एका कानाला लावली. विसरले का?

पाना_नंबर_दहा:
विसरले नाहीत, शहाणे शेजारी आहेत. लाल तार मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको. काढताना उलट्या क्रमाने.

आणि इंजिन चालू असताना "अल्टरनेटर चालतो का बघू" म्हणून बॅटरीची तार उपटणारे अजून भेटतात. जुन्या गाड्यांत खपून जायचं. आता व्होल्टेज एकदम उसळी मारतं आणि संगणक जातो.

धक्कास्टार्ट:
मी उपटायचो. गप्प बसतो.

निवांत_चालक:
तीन आठवड्यांनी आलोय. अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. त्याने डायोडची प्लेट सुटी करून एकेक तपासला, दोन डायोड दोन्ही बाजूंनी वीज सोडत होते. पूर्ण अल्टरनेटर बदलावा लागला नाही, प्लेट नवी बसली, बेअरिंग आणि ब्रशही बदलून घेतले. तीन सोमवार झाले, पहिल्या फटक्यात चालू. आज सकाळी मोजलं, शुक्रवारपासून उभी होती, १२.५८.

एक शंका राहिली. दोन महिने दर आठवड्याला तळाला जात होती, तर नव्या बॅटरीचं आयुष्य घटलं असेल का?

पाना_नंबर_दहा:
घटलं असणार, थोडं. गाडीची बॅटरी एकदम जोर लावायला असते, तळापर्यंत उपसायला नाही. महिन्यातून एकदा कमी अँपिअरवर रात्रभर चार्जर लावा, निघेल तेवढं सल्फेट निघेल. जुनी बॅटरी काय केली?

निवांत_चालक:
नवी घेताना बदल्यात दिली. ती पण चांगलीच असेल का हो काका?

पाना_नंबर_दहा:
ते आता विचारू नका.

शून्यओहम:
रेडिओच्या फ्यूजला जो ०.०२ पडला होता, तो तेवढाच आहे ना?

निवांत_चालक:
हो ताई, ते घड्याळ आणि रेडिओची आठवण. घड्याळ लावायचं तेवढं राहिलंय. इतक्यांदा मायनस काढला की दर वेळी गाडीत बारा वाजतात.

सेल्फमारू:
गाडीचे वाजले तर चालतील, मालकाचे वाजत होते तोपर्यंत प्रश्न होता.